ऊसतोडणी यंत्र वारंवार चोक होते तेव्हा: ऑटो मोडमधला दाब कसा तपासावा

लोळलेल्या आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या, सर्वात जड) उसात हार्वेस्टर घातला, ऑटो मोड चालू केला आणि यंत्र दर वीस-पंचवीस मीटरवर चोक होऊ लागले, ही तक्रार गळीत हंगाम सुरू झाला की सतत कानावर येते. रोलर उलटे फिरवायचे, अडकलेला गठ्ठा बाहेर टाकायचा, पुन्हा पुढे जायचे आणि पुन्हा चोक. शेवटी ऑपरेटर वैतागून ऑटो बंद करतो आणि उंची व वेग हाताने सांभाळू लागतो. थोडा वेळ बरे चालते, आणि दोष ऑटोचाच आहे हा समज पक्का होतो. ही यंत्रे दुरुस्त करणे हेच माझे काम असल्यामुळे मी एवढे खात्रीने सांगू शकतो की बहुतेक वेळा ऑटो यंत्रणा तिला मिळालेल्या माहितीवर बरोबरच वागत असते. तिच्यापर्यंत पोहोचणारी माहितीच चुकीची असते. म्हणून डिस्प्लेवरचे आकडे बदलण्याआधी ते आकडे कशामुळे येत आहेत, हे शोधले पाहिजे.

ऑटोला ऊस दिसत नाही, दाब दिसतो. कांड्या करून देणाऱ्या यंत्रात नॉकडाऊन रोलर ऊस पुढे वाकवतो, बेस कटरच्या उलटसुलट फिरणाऱ्या दोन तबकड्या तो बुडातून कापतात, बट लिफ्टर बुडखा उचलून रोलरांच्या रांगेत देतो, रोलर तो चॉपरकडे ओढतात, चॉपर कांड्या पाडतो, पंखा पाचट उडवतो आणि एलिव्हेटर कांड्या इनफिल्डरमध्ये, म्हणजे शेजारून चालणाऱ्या गाडीत टाकतो. या वाटेवर प्रामुख्याने दोन गोष्टी आपोआप सांभाळल्या जातात. पहिली म्हणजे बेस कटरची उंची: तबकड्या फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरचा दाब ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की यंत्र वर उचलले जाते, खाली आला की यंत्र खाली बसते. दुसरी म्हणजे पुढे जाण्याचा वेग: इंजिनवरचा भार किंवा चॉपरचा दाब वाढला की वेग कमी होतो, भार हलका झाला की वाढतो. सगळ्या यंत्रांत या दोन्ही सोयी नसतात. पहिली जास्त आढळते, दुसरी नव्या यंत्रांत.

पहिल्या सोयीमागचे गृहीतक असे आहे की बेस कटरचा दाब वाढला म्हणजे तबकड्या मातीत घुसल्या. प्रत्यक्षात तो दाब उसाचा लोंढा आल्यामुळेही वाढतो, पाती बोथट झाल्यामुळेही वाढतो, तेल थंड असल्यामुळेही वाढतो आणि तबकडीखाली काही गुंडाळले गेल्यामुळेही वाढतो. ऑटोला यातला फरक कळत नाही. प्रत्येक वेळी ती एकच उत्तर देते: वर उचला. आणि लोळलेल्या उसात यंत्र नको तेव्हा वर उचलले गेले की बुडखा बट लिफ्टरच्या आवाक्यात येत नाही, ऊस अर्धवट कापला जातो किंवा मुळासकट पुढे ढकलला जातो, त्याचा ढीग साचतो, आणि पुढच्या क्षणी यंत्र खाली बसले की तो सगळा ढीग एकदम तोंडात शिरतो. वारंवार होणाऱ्या चोकचे हे माझ्या पाहण्यातले सर्वात मोठे कारण आहे. चोक रोलरमध्ये दिसतो, पण त्याची सुरुवात दोन मीटर आधी, चुकीच्या उंचीवर झालेली असते.

चोक कुठे सुरू होतो

पाच-सहा वेळा चोक होईपर्यंत कोणतेही सेटिंग न बदलता नुसती नोंद ठेवावी. कोणता दाब आधी चढला, हे ऑपरेटरने डिस्प्लेवर पाहावे, आणि शक्य असेल तर एका माणसाने सुरक्षित अंतरावर बाजूने चालत निरीक्षण करावे. बेस कटरचा दाब आधी चढला आणि चॉपरचा नंतर, तर गठ्ठा तोंडाशी तयार होतो आहे. बेस कटर शांत असताना चॉपरचा दाब एकदम वर गेला, तर रोलर ऊस असमान देत आहेत किंवा चॉपरची पाती बोथट आहेत. कांड्या चॉपरमधून नीट पडत आहेत पण एलिव्हेटरच्या बुडाशी साचत आहेत, तर दोष पुढे नसून मागे आहे.

हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो, आणि त्यात यंत्राचा दोष नसतोच. एक इनफिल्डर भरून बाजूला झाला आणि दुसरा पोहोचायला वेळ लागला, की ऑपरेटर एलिव्हेटर थांबवतो, पण यंत्र आणखी दोन पावले पुढे नेतो. तेवढ्यात मागचे पात्र भरते आणि चोक चॉपरपर्यंत येतो. चोक होण्याच्या वेळा आणि गाडी बदलण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या, की हे दहा मिनिटांत उघड होते. त्यावर उपाय एकच: गाडी बाजूला होण्याआधी पुढे जाणे थांबवावे, आतला ऊस पूर्ण बाहेर पडू द्यावा आणि मगच एलिव्हेटर बंद करावा.

बुडख्यांची उंची मोजणे

चोक तोंडाशी होत असेल, तर नुकत्याच कापलेल्या सरीत मागे जाऊन वीस मीटर टेप अंथरावा आणि दर अर्ध्या मीटरवर शेतात उरलेल्या बुडख्याची जमिनीपासूनची उंची मोजून लिहावी. चाळीस आकडे होतात आणि अर्धा तास जातो, पण या अर्ध्या तासाइतका उपयोगी अर्धा तास संपूर्ण दुरुस्तीत दुसरा नसतो. बुडखे सगळीकडे सारखेच उंच असतील, तर ठरवलेला दाब या शेताला कमी पडतो आहे. ते सगळे जमिनीलगत असून ढेपळे उखडलेले दिसत असतील, तर तो जास्त आहे. आकडे लाटेसारखे खालीवर जात असतील, म्हणजे तीन सेंटिमीटर, बारा, पंधरा, चार, पुन्हा तेरा असे, तर यंत्र हेलकावे खात आहे.

हेलकावे यंत्राचे की जमिनीचे, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. समजा ताशी ४ किलोमीटर वेगाने चालताना दोन उंच ठिकाणांमध्ये ३ मीटर अंतर आले. या वेगाने यंत्र सेकंदाला सुमारे १.१ मीटर जाते, म्हणजे एक हेलकावा पावणेतीन सेकंदांचा झाला. आता शेजारची सरी ताशी २ किलोमीटरने कापून पुन्हा मोजावे. अंतर दीड मीटरवर आले, तर हेलकाव्याची वेळ तीच राहिली. म्हणजे दोष नियंत्रणात आहे, ते प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त उचलते आणि जास्त खाली सोडते. अंतर तीन मीटरच राहिले, तर चढउतार जमिनीत आहेत: मोठ्या बांधणीच्या वेळी माती कमीजास्त चढली असेल किंवा आडवे पाट बुजवलेले नसतील. पहिल्या प्रकारात संवेदनशीलता, म्हणजे दाब बदलला की यंत्र किती जोरात प्रतिसाद देते ते सेटिंग, एकेक पायरीने कमी करावी आणि प्रत्येक पायरीनंतर वीस मीटर कापून पाहावे. त्याने फरक पडला नाही तर उचलणाऱ्या सिलिंडरच्या पिना, सिलिंडरमधली हवा आणि झडप तपासावी. दुसऱ्या प्रकारात डिस्प्लेवर काहीही बदलून उपयोग नाही. त्या शेतात वेग कमी ठेवावा आणि शेतकऱ्याला पुढच्या लागणीसाठी जमिनीच्या आखणीबद्दल सांगावे.

उंच बुडख्यांचा तोटा चोकपुरता नसतो. तोडणीयोग्य ऊस तीन मीटर लांब आणि उतारा एकरी ५० टन धरला, तर बुडात दहा सेंटिमीटर ऊस राहणे म्हणजे एकरी दीड टनाहून अधिक ऊस शेतात राहणे. त्यात बुडाकडची कांडी जाड आणि सर्वात गोड असते. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) ठेवायचा असेल तर हेच बुडखे पुन्हा जमिनीलगत छाटण्याची मजुरी वेगळी.

रिकामा दाब

यानंतर तबकड्या जमिनीपासून आणि उसापासून मोकळ्या ठेवून, इंजिन नेहमीच्या कामाच्या फेऱ्यांवर आणून, बेस कटरचा रिकामा दाब पाहावा. हा आकडा प्रत्येक ऑपरेटरने केबिनमध्ये लिहून लावायला हवा, कारण ठरवलेल्या दाबातून रिकामा दाब वजा केल्यावर जे उरते तेवढ्यातच ऑटोला माती ओळखायची असते. रिकामा दाब वाढत गेला की ही जागा आकुंचन पावते आणि यंत्र हवेतच चालू लागते.

सांगली जिल्ह्यातल्या एका यंत्रमालकांनी मला डिसेंबरात फोन केला होता. त्यांचे म्हणणे एका वाक्यात होते: "मिस्त्री, सकाळच्याला मशीन वरवरनंच चालतंय, दुपारी बरं वागतंय." एवढ्या एका वाक्यात अर्धे निदान होते. थंडीच्या पहाटे तेल घट्ट असते, घट्ट तेलाने रिकामा दाब चढतो, आणि ऑटोला वाटते की तबकड्या मातीत आहेत. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली असते आणि ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीला येतो, म्हणजे सर्वात जड ऊस आणि सर्वात थंड पहाट एकाच वेळी वाट्याला येतात. या तक्रारी त्याच दिवसांत का वाढतात, त्याचे हे एक कारण आहे. उपाय साधा आहे. रोलर, चॉपर आणि बेस कटर भाराशिवाय फिरवून तेल कामाच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच ऑटो चालू करावा. सकाळी दाब वाढवून ठेवण्याची सवय मात्र घातक आहे, कारण उन्हे वर आल्यावर तोच वाढवलेला आकडा तबकड्यांना मातीत घुसवतो.

पण त्या यंत्राची गोष्ट तिथे संपली नाही. तेल गरम झाल्यावरही रिकामा दाब आठवड्यापूर्वीच्या नोंदीपेक्षा बराच जास्त होता, आणि दिवसभरात कमी होण्याऐवजी हळूहळू वाढत होता. तोवर तीन दिवस वेगवेगळ्या लोकांनी सेटिंग बदलून पाहिले होते. यंत्र उचलून, लोखंडी टेकू लावून आणि इंजिन बंद करून खाली वाकून पाहिले, तर उजव्या तबकडीच्या वर, दांड्याभोवती काळे कडे दिसले. चिखल खरवडला तेव्हा कळले की ती ठिबकची नळी होती. एकावर एक इतके घट्ट वेढे बसले होते की उष्णतेने नळी वितळून एकजीव झाली होती, आणि सुरीने कापताना आतल्या थरात न कुजलेले पाचट आणि मातीचे चमकदार, भाजल्यासारखे पापुद्रे निघाले. पाऊण तासाने दांडा मोकळा झाला. रिकामा दाब जुन्या नोंदीवर आला, आणि त्याच सेटिंगवर यंत्र संध्याकाळपर्यंत दोनदाच चोक झाले. ठिबक असलेल्या शेतात तोडणीपूर्वी नळ्या गुंडाळून घेतल्या आहेत ना, हे यंत्र शेतात शिरण्याआधी स्वतः चालत जाऊन पाहावे, हा धडा मी त्या दिवसापासून कधीच सोडलेला नाही.

येथे सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बेस कटर, रोलर किंवा चॉपर यांच्याजवळ हात नेण्यापूर्वी इंजिन बंद करावे, किल्ली काढून ज्याचे हात आत जाणार आहेत त्याच्याच खिशात ठेवावी, आणि उचललेल्या यंत्राला टेकू दिल्याशिवाय खाली जाऊ नये. चोक झालेल्या रोलरमध्ये दाब अडकलेला असतो. गठ्ठा सुटताच ते इंजिन बंद असतानाही हलू शकतात. तेलाची बारीक गळती हाताने चाचपडू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालचे तेल कातडीत शिरते आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात नेण्याची असते. चोक काढण्याची घाई सर्वात जास्त रात्रपाळीत असते, म्हणून रात्रपाळीच्या ऑपरेटरला आणि मदतनिसाला हे समोर बसवून समजावावे.

रिकामा दाब ठीक असूनही कापताना दाब वाढत असेल, तर पाती पाहावीत. एका तबकडीवरची पाती एकाच वेळी बदलावीत किंवा उलटवावीत. एखादेच नवे पाते बसवले की तबकडीचा तोल जातो. ओल्या जमिनीतही दाब चढतो, त्यामुळे तोडणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी बंद असायला हवे.

एका शेताचा आकडा दुसऱ्या शेतात चालत नाही

कालचे शेत खोडव्याचे होते, आजचे आडसाली आहे आणि दाबाचा आकडा कालचाच ठेवला आहे, ही चूक अनुभवी ऑपरेटरसुद्धा करतात. जड उसात तबकड्यांवर उसाचाच भार जास्त येतो, म्हणून तोच आकडा आज यंत्राला वर उचलून धरतो. प्रत्येक नव्या शेतात पहिले वीस-तीस मीटर ऑटो बंद ठेवून, नेहमीच्या वेगाने, तबकड्या मातीला जेमतेम घासतील अशा उंचीवर हाताने चालवावे. त्या वेळी डिस्प्लेवर जो सरासरी दाब दिसेल, तोच त्या शेताचा आकडा. उसाची जात को ८६०३२ असो की फुले २६५, लागण सुरू हंगामातली असो की आडसाली, हे दर शेताला करावेच लागते, आणि शेतात काळी माती व मुरूम असे दोन पट्टे असतील तर दोनदा करावे लागते.

वेगाचेही तसेच आहे. पाच फुटी सरी, म्हणजे सुमारे दीड मीटर, आणि एकरी ५० टन ऊस धरला तर सरीच्या प्रत्येक मीटरमध्ये जवळपास साडेअठरा किलो ऊस उभा असतो. ताशी ४ किलोमीटरने यंत्राच्या तोंडात सेकंदाला सुमारे साडेवीस किलो, म्हणजे तासाला सुमारे ७४ टन ऊस जातो, आणि यात पाचट व वाढे धरलेले नाहीत. एकरी ३० टनांच्या खोडव्यात त्याच वेगाने तासाला सुमारे ४४ टन होतात. खोडव्यात जे यंत्र ताशी ४ किलोमीटरने सुखाने चालले, त्याला आडसालीत तेवढाच ऊस द्यायचा असेल तर वेग ताशी अडीच किलोमीटरच्या जरा खालीच ठेवावा लागेल. हे गणित ऑपरेटरला कागदावर करून दाखवले की तो स्वतःहून वेग कमी करतो.

ज्या यंत्रांत वेग आपोआप सांभाळला जातो, त्यांतही कमाल वेगाची मर्यादा शेताप्रमाणे घालून द्यावी लागते. ऊस बेस कटरपासून चॉपरपर्यंत पोहोचायला सेकंद-दीड सेकंद लागतो. चॉपरचा दाब वाढल्याचे कळेपर्यंत यंत्र आणखी मीटरभर पुढे गेलेले असते आणि तेवढा ऊस वाटेत असतोच. कमाल वेग जास्त आणि संवेदनशीलताही जास्त असेल, तर यंत्र एकदम मंदावते, चॉपर रिकामा होतो, भार हलका झाला असे समजून यंत्र पुन्हा धावते आणि पुढचा लोंढा आत घेते. इंजिनचा आवाज चढउतार करत राहणे ही याची खूण आहे.

लोळलेल्या उसात कोणत्या बाजूने शिरावे, हेही येथेच ठरते. शेंडे यंत्राकडे आणि बुडखे पलीकडे असतील, तर बहुतेक वेळा ऊस शेंड्याकडून आत जातो आणि रोलर त्याला नीट पकडत नाहीत. बुडखे यंत्राकडे येतील अशाच दिशेने कापावे आणि परतताना रिकामे यावे. डिझेल जास्त जाते हे खरे, पण दर पंचवीस मीटरवर चोक काढण्यात त्याहून अधिक जाते. चोक उलटा काढल्यावर यंत्र दीड-दोन मीटर मागे घ्यावे आणि बाहेर पडलेला गठ्ठा पसरू द्यावा. तोच गठ्ठा तसाच पुन्हा आत घेतल्याने तिथल्या तिथे दुसरा चोक होताना मी असंख्य वेळा पाहिले आहे.

रोलर आणि चॉपरसाठी फार यंत्रसामग्री लागत नाही. गाडीतून पन्नास कांड्या उचलून लांबी मोजली तरी पुरते. लांबी जवळपास सारखी आणि टोके स्वच्छ कापलेली असतील, तर ऊस एकसारखा जातो आहे. लांबीत मोठा फरक असेल तर वरचे रोलर मोकळेपणाने वर-खाली होतात का आणि त्यांच्या दात्यांमध्ये चिखल बसला आहे का, हे पाहावे. टोके चिरडलेली असतील तर चॉपरची पाती किंवा दोन ड्रममधली जुळणी बिघडली आहे.

हे सगळे ठीक निघाले, तरच सेन्सरकडे वळावे. इंजिन बंद करून आणि दाब उतरवून डिस्प्लेवर शून्याच्या आसपास आकडा दिसायला हवा. बऱ्याच यंत्रांवरचे दाबाचे सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टचे असतात. तसा असेल तर शून्य दाबाला मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या जवळपास वाचन यावे. मग त्याच ओळीत काट्याचा प्रेशर गेज जोडून, यंत्र चालू असताना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. दोन्ही बरोबरीने चढत-उतरत असतील तर सेन्सर चांगला आहे. डिस्प्लेचा आकडा मध्येच उडी मारत असेल, तर सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर उघडावा. पाण्याने यंत्र धुतल्यावर त्यात ओल राहते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. तो साफ करून, वायर घासत असलेली जागा बांधून पुन्हा चाचणी घ्यावी. तरीही दोन आकडे जुळत नसतील तर सेन्सर बदलावा, आणि ते जुळत असूनही यंत्र उचलायला उशीर लावत असेल तर दोष झडपेत किंवा नियंत्रकात आहे. ते शेतात न उघडता कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे, आणि तो येईल तेव्हा बुडख्यांचे चाळीस आकडे, गरम तेलावरचा रिकामा दाब, शेताचा ठरवलेला आकडा आणि प्रत्येक चोकची वेळ लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा.